गुलाबी आभाळाखालचा भुईकोट

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचं जुनं जलरंगचित्र हाती आलं. त्यावर सही नाही, साल नाही आणि आभाळ फिकट गुलाबी. तरी ‘चित्रकारानं संध्याकाळ टिपली’ असं लगेच म्हणू नका. आधी फ्रेम उघडून माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली झाकलेला काठ बघा. तिथं आभाळ करडं निघालं, तर ती संध्याकाळ नव्हे, नीळ उडाली आहे. एकोणिसाव्या शतकात ढगांचा करडा रंग बऱ्याचदा नीळ आणि तांबडा गेरू मिसळून करत. नीळ उजेडानं उडते. गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साइड, तो ढिम्म हलत नाही. मागे राहतो गुलाबी. झाडं निळसर दिसत असतील, तर हिरव्या मिश्रणातला पिवळा उडालेला असू शकतो.

मग कागद. तो खिडकीसमोर धरला की ‘जे. व्हॉटमन’ या इंग्रज कागद-कारखानदाराच्या नावाचं जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच उमटवलेली खूण, आणि साल दिसू शकतं. इंग्लंडात १७९४पासून साल घालायची पद्धत पडली. १८१४ दिसलं तर चित्र त्याआधीचं नाही, इतकंच. कोरा कागद वर्षानुवर्षं पेटीत पडून असे. लोक इथंच फसतात.

अतिनील दिव्याखाली पांढरा भाग पिवळट-हिरवा चमकला तर बहुधा झिंक व्हाइट, म्हणजे जस्ताचा पांढरा रंग. जलरंगात तो १८३४मध्ये ‘चायनीज व्हाइट’ नावानं आला. मात्र नंतर कुणी डागडुजी केली नाही ना, हे भिंगानं तपासा.

आता चित्रातलं स्थळ. किल्ल्याला दुहेरी तट. पूर्वेला सिद्धेश्वर तलाव, बाकी बाजूंना खंदक. ब्रिटिश सेनानी थॉमस मन्रोच्या फौजेनं मे १८१८मध्ये किल्ला घेतला, त्यामुळे बुरुजावर ब्रिटिश निशाण असेल तर चित्र त्यानंतरचं. मागे गिरणीचं धुराडं असेल तर आणखी अलीकडचं; सोलापूरची ‘जुनी गिरणी’ ही कापडगिरणी १८७७ साली चालू झाली.

आता चित्र जपायचं कसं? लॅमिनेशन आणि सेलोटेप, दोन्ही नकोच. टेपचा गोंद कागदात मुरतो आणि डाग जात नाही. आम्लरहित माउंटला गव्हाच्या खळीनं, जपानी कागदाच्या बिजागऱ्या लावून अडकवा. काच रंगाला टेकू देऊ नका. पावसाळ्यात आर्द्रता ६५ टक्क्यांवर राहिली तर बुरशी धरते. प्रकाश ५० लक्सपर्यंतच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक), तोही मोजक्या तासांसाठी. उडालेली नीळ अंधारात ठेवून परत येत नाही.