राष्ट्रीय ग्रंथालयांचे लोकाभिमुख उपक्रम

देशात छापल्या जाणाऱ्या पुस्तकांच्या प्रती कायद्याने मिळवून त्या कायम जतन करणाऱ्या ग्रंथालयाने आपल्या नेहमीच्या अभ्यासकांपलीकडच्या लोकांसाठी चालवलेले कार्यक्रम व सेवा. प्रदर्शने, व्याख्याने, मैफली, मुलांची दालने, शाळांना उसनी पुस्तके, अंध वाचकांसाठी ध्वनिपुस्तके हे सारे त्यात येते. अलीकडे लोकांच्याच मदतीने चालणाऱ्या डिजिटल प्रकल्पांची त्यात भर पडली आहे.

सार्वजनिक वाचनालयाला असे उपक्रम वेगळे आखावे लागत नाहीत, कारण पुस्तके लोकांच्या घरी जावीत म्हणूनच ते उघडलेले असते. राष्ट्रीय ग्रंथालयातले पुस्तक सहसा दाराबाहेर पडत नाही. मागणीचिठ्ठी भरायची, पुस्तक भांडारातून वर येईपर्यंत थांबायचे आणि तिथेच बसून वाचायचे. दुर्मीळ हस्तलिखित असेल तर पेन बाहेर ठेवून शिसपेन्सिल घेऊन आत जायचे. या ग्रंथालयावर आज आलेल्या वाचकाइतकाच शंभर वर्षांनी येणाऱ्याचाही हक्क असतो. लोकांना बोलवायचे, पण वस्तू झिजू द्यायची नाही, ही ओढाताण पुढच्या प्रत्येक उपक्रमात दिसते.

प्रदर्शनात ती सर्वांत उघड असते. कागद, चर्मपत्र आणि शाई यांना उजेड बाधतो आणि झालेली हानी भरून निघत नाही. म्हणून अशा वस्तूंवरचा प्रकाश साधारण ५० लक्सपर्यंत (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) ठेवतात, ग्रंथाचे उघडे पान काही महिन्यांनी बदलतात आणि नंतर तो ग्रंथ दीर्घकाळ अंधारात विसावतो. प्रदर्शनाची दालने मंद का असतात याचे उत्तर एवढेच. त्यामागे वातावरणनिर्मितीचा हेतू क्वचितच असतो. (चित्रपटांत दिसणारे पांढरे हातमोजेही बहुतेक वेळा गैरसमजातून आलेले. मोज्यांत बोटांना पानाचा अंदाज येत नाही आणि ते फाटण्याची भीती वाढते. स्वच्छ, कोरडे हात बरे. मोजे लागतात ते मुख्यतः छायाचित्रांसाठी.) फेब्रुवारी २०१५ मध्ये ब्रिटिश लायब्ररीने मॅग्ना कार्टा या इंग्लंडच्या राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेच्या १२१५ सालच्या उरलेल्या चारही प्रती एका दिवसासाठी एकत्र आणल्या. पाहायला किती जणांना सोडायचे? सोडत काढून बरोबर १,२१५ जणांना.

व्याख्याने आणि मैफलींची परंपरा जुनी आहे. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये एलिझाबेथ स्प्रेग कूलिज यांच्या देणगीतून १९२५ साली सुमारे पाचशे आसनांचे सभागृह उभे राहिले. एरन कोपलंड यांचे संगीत असलेले मार्था ग्रॅहम यांचे नृत्यनाट्य १९४४ साली पहिल्यांदा याच मंचावर सादर झाले. याच संस्थेचा ‘नॅशनल बुक फेस्टिव्हल’ २००१ पासून भरतो. अशा कार्यक्रमांची मर्यादा मात्र ठरलेली असते: ते राजधानीत होतात आणि जे तसेही आले असते तेच पुन्हा येतात. सभागृह भरले म्हणजे नवे वाचक मिळाले असे नव्हे. अहवालातला उपस्थितीचा आकडा हा फरक दाखवत नाही.

अंतराची अडचण काही ग्रंथालयांनी ओळखली. न्यूझीलंडचे राष्ट्रीय ग्रंथालय देशभरच्या शाळांना पुस्तके उसनी देते. ब्रिटिश लायब्ररीने गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांना जोडून घेतले आणि लंडनमधल्या प्रदर्शनांचे फलक तिथे मांडायला सुरुवात केली. तिने २००६ साली सुरू केलेले व्यवसाय व बौद्धिक संपदा केंद्र त्याहून वेगळ्या वाटेचे आहे. पेटंटच्या नोंदी, बाजारपेठांचे महागडे अहवाल आणि सल्ला हे नवउद्योजकांना तिथे एका छताखाली मिळते. हस्तलिखितांत कधीच रस न वाटलेला माणूस ग्रंथालयात आणायचा तर असे केंद्र दहा व्याख्यानांना भारी ठरते. जपानच्या नॅशनल डाएट लायब्ररीने तोक्योच्या उएनो भागातील १९०६ सालच्या वास्तूत २००० साली बालसाहित्याचे स्वतंत्र ग्रंथालय उघडले. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील रिशेल्यू वास्तूचा भव्य लंबवर्तुळाकार वाचनकक्ष २०२२ पासून सर्वांना विनाशुल्क खुला आहे.

अंध वाचकांसाठीची सेवा ही या सगळ्यांत सर्वांत कमी गाजलेली आणि बहुधा सर्वांत उपयोगी. अमेरिकेत १९३१ च्या कायद्याने लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे हे काम आले आणि थोड्याच वर्षांत ध्वनिमुद्रित पुस्तके टपालाने घरपोच जाऊ लागली. दृष्टिहीनांना वाचता येतील अशा प्रती काढणे व त्या देशांच्या सीमांपार पाठवणे २०१३ च्या माराकेश कराराने सोपे झाले. तो मान्य करणारा पहिला देश भारत होता.

डिजिटल प्रकल्पांनी मात्र नात्याची दिशाच फिरवली. जुनी वर्तमानपत्रे स्कॅन केली की संगणक त्यातली अक्षरे ओळखू पाहतो, आणि पुसट छपाईत हमखास फसतो. शब्दच चुकला की शोधात ती बातमी सापडत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ही दुरुस्ती थेट वाचकांवर सोपवली. ‘ट्रोव्ह’ या संकेतस्थळावर डावीकडे यंत्राने वाचलेली ओळ आणि शेजारी मूळ कात्रण दिसते. वाचक ओळ सुधारतो आणि ती सर्वांसाठी सुधारते. आपल्या घराण्याचा माग काढणारे लोक यात मोठ्या संख्येने आहेत. पणजोबांचे जहाज कोणत्या तारखेला बंदरात लागले ते शोधता शोधता ते पूर्ण स्तंभ नीट करून ठेवतात. फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०११ मध्ये हेच काम खेळात बसवले. गॉथिक वळणाच्या जुन्या टायपातला शब्द बरोबर टाइप केला की पुलाचा एक ठोकळा तयार व्हायचा आणि त्यावरून बिळात राहणारे ‘मोल’ नावाचे प्राणी पलीकडे जायचे. शब्द चुकला की पूल ढासळायचा.

लॅटव्हियाने तर ग्रंथालयाच्या स्थलांतराचाच लोकोत्सव केला. १८ जानेवारी २०१४ रोजी, ऐन हिवाळ्यात, रीगा शहरात सुमारे १४,००० माणसे रांगेने उभी राहिली आणि जुन्या इमारतीतली पुस्तके हातोहात देत दाउगावा नदीच्या पुलावरून नव्या इमारतीत पोहोचवली. सामान हलवायला ट्रक होतेच. साखळीतून गेला तो संग्रहाचा अगदी लहानसा भाग. नव्या इमारतीत ‘लोकांचे पुस्तककपाट’ आहे. त्यात कोणीही एक पुस्तक देऊ शकते; अट एवढीच, की ते आपल्याला का मोलाचे वाटते हे देणाऱ्याने त्याच पुस्तकात स्वतःच्या हाताने लिहून द्यावे. वाचनकक्षात ज्या कृत्यासाठी वाचकाला बाहेर काढले असते, तेच इथे प्रवेशाचे तिकीट आहे.