काळ्या पट्ट्यांवरची हंगेरी

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर एक रील आलं. हंगेरियन संगीतात म्हणे आपला राग सापडला, म्हणजे ते लोक मूळचे इथलेच! पुरावा म्हणून कुणीतरी व्हायोलिनवर सा, रे, कोमल ग, तीव्र म, प, कोमल ध, शुद्ध नी वाजवत होता. स्वर खरे आहेत. कर्नाटक पद्धतीत हाच सिंहेंद्रमध्यमम् राग. गोची एवढीच की ज्याला जग 'हंगेरियन' म्हणून ओळखतं तो हा साज खेड्यातल्या जुन्या गाण्यांचा नाही.

एकोणिसाव्या शतकात तिथल्या शहरांत रोमा (जिप्सी) वादकांचे ताफे वाजवत आणि त्यांच्या बऱ्याच चाली शिकल्यासवरल्या मंडळींनी रचलेल्या असत. संगीतकार लिस्टने १८५९ च्या पुस्तकात हे सगळं संगीत रोमा लोकांचंच ठरवून टाकलं. जर्मन संगीतकार ब्राम्सचं गाजलेलं पाचवं हंगेरियन नृत्य घ्या. त्याने ती लोकधून समजून घेतली, पण ती निघाली केलेर बेला नावाच्या संगीतकाराची.

१९०५ मध्ये हंगेरियन संगीतकार झोल्तान कोदाय गाणी गोळा करायला गावोगाव निघाला. पाठोपाठ दुसरा हंगेरियन संगीतकार बेला बार्टोकही निघाला. सोबत फोनोग्राफ. म्हातारी शेतकरीण भोंग्यात तोंड घालून गायची आणि सुई मेणाच्या नळकांड्यावर तिचा आवाज कोरायची. १९०७ मध्ये बार्टोक ट्रान्सिल्व्हेनियाच्या (आता रोमानियात) पूर्व भागात गेला, तेव्हा जुन्या चालींमध्ये त्याला पुन्हा पुन्हा पाचच स्वर भेटले: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. आपल्या कानाला ही धानी रागाची सावली वाटेल.

घरात पेटी असेल तर काढा. काळी दोनला (दोन काळ्यांच्या जोडीतली दुसरी; शेजारच्या तिघी म्हणजे काळी तीन ते पाच) सा धरा आणि फक्त काळ्या पट्ट्या वाजवा. झाले ते पाच स्वर.

आता मला सर्वांत आवडणारी गंमत. या जुन्या गाण्यांपैकी बरीच चार ओळींची असतात. पहिल्या दोन ओळी वरच्या पट्टीत, आणि पुढच्या दोन म्हणजे तीच चाल एका पंचमाने, म्हणजे सा ते प एवढ्या अंतराने, खाली. डोंगरावरून हाक मारावी आणि तिचंच उत्तर दरीतून यावं तसं. पण चाल पंचमानेच का उतरते? दोन स्वरांनी का नाही?

सा २४० कंपनांचा असेल तर प ३६०, म्हणजे दीडपट. आपला षड्ज-पंचम भाव तो हाच. आता काळी तीनपासून सुरुवात करून दरवेळी पंचमाने पुढे जा (सप्तक ओलांडलं तर मागे या): काळी तीन, काळी एक, काळी चार, काळी दोन, काळी पाच. पाचही काळ्या संपल्या! म्हणजे हे पाच स्वर वरवर विखुरलेले दिसले तरी पंचमांच्या एकाच साखळीतले सलग पाच दुवे आहेत. अख्खी साखळी एका दुव्याने सरकवा. काळी पाचनंतर पांढरी चार आत येते, मागची काळी तीन गळते, बाकीचे चार जागच्या जागी. म्हणूनच पंचमाने हलवलेली चाल कानाला घरचीच वाटते. तीच चाल शेजारच्या एका पट्टीने सरकवून पाहा: पाचही स्वर बदलतात, एकही जुना उरत नाही.

(इथवर पेटी न काढता वाचत आला असाल तर डोकं गरगरलं असेल. एकदा बोटं ठेवून पाहाच.)

प्रत्यक्ष गाण्यात मात्र गणित इतकं कडक पाळलं जात नाही. काही गाणी तो एक परका स्वर घेतात, तर काही उत्तराची ओळ किंचित वाकवून पाचांतच राहतात. कोदायने ज्या मोराच्या गाण्यावर वाद्यवृंदासाठी रचना केली, तेही याच उतरत्या घराण्यातलं. ती रचना १९३९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये पहिल्यांदा वाजली.

आणखी एक बारकावा. हंगेरियन भाषेत आघात नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर येतो, त्यामुळे ही गाणी बहुधा थेट पहिल्या ठोक्यावरच सुरू होतात. 'हंगेरियन' म्हणून ऐकलेली एखादी धून आधी अर्धवट उचल घेऊन समेवर येत असेल, तर जरा संशय धरा.

राहिला रीलचा प्रश्न. पाच स्वर स्कॉटलंडमध्ये आहेत, चीनमध्ये आहेत, आपल्याकडे तर आहेतच. नुसत्या पाच स्वरांवरून कुणाचे पूर्वज ठरवायचे तर निम्मं जग एका गोत्राचं निघेल. कोदायने नात्याचा पुरावा धरला तो पाच स्वर अधिक पंचमाची उतरण अधिक ओळींची बांधणी, असा एकत्रित. त्या खुणा त्याला रशियातल्या व्होल्गाकाठच्या मारी आणि चुवाश लोकांच्या गाण्यांत दिसल्या. बार्टोकला १९३६ मध्ये तुर्कस्तानातही जवळच्या चाली मिळाल्या. गंगाकाठाचा या सगळ्यात कुठेच संबंध नाही.

मी ग्रुपवर काळ्या पट्ट्यांचा प्रयोग लिहून पाठवला. उत्तरादाखल दोन नमस्कार आले आणि मागोमाग पुढचं रील.