ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर आलात? पुस्तक घेण्याआधी थोडं

आम्ही कोणाचा डेटाबेस ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर (दोन्ही माहिती साठवायची सॉफ्टवेअर) हलवून दिला की आठवडाभरात फोन येतोच: "आता आमच्या मुलांना पुस्तक कुठलं घेऊन देऊ?" त्यावर आमचा उलट प्रश्न असतो, वाचणार कोण? रिपोर्ट काढणारा आणि सर्व्हर सांभाळणारा, दोघांचं एका पुस्तकात भागत नाही.

रिपोर्टवाल्याला एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) येतंच. त्याला हवेत ते फरक. ओरॅकल रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) नल, म्हणजे 'माहितीच नाही', धरतो, पोस्टग्रेस धरत नाही. बिलाच्या स्क्रीनवर जीएसटी नंबरची चौकट कोणी रिकामी सोडली आणि प्रोग्रॅमने तिथे रिकामी स्ट्रिंग भरली, तर 'इज नल'च्या (नल असलेले शोधणाऱ्या) जुन्या क्वेरीत तो ग्राहक आता येणार नाही. एरर नाही, काही नाही; यादी तेवढी आखूड होते. ओरॅकलच्या 'डेट'मध्ये वेळही असते, पोस्टग्रेसच्या 'डेट'मध्ये नुसती तारीख. 'सिलेक्ट म्हणजे काय'पासून सुरू होणारं जाडजूड पुस्तक इथे कामाचं नाही.

सर्व्हरवाल्यासाठी पुस्तक बघताना मागच्या सूचीत आधी 'व्हॅक्यूम' शोधा. पोस्टग्रेसमध्ये रो (टेबलातली एक ओळ) अपडेट केली की तिची जुनी प्रत टेबलातच पडून राहते, ती जागा नंतर ऑटोव्हॅक्यूम (आपोआप चालणारा व्हॅक्यूम) मोकळी करतो. ओरॅकलमध्ये जुना डेटा अनडू नावाच्या वेगळ्या जागेत जातो, म्हणून तिकडून आलेल्या डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) ही भानगड नवीन असते. या विषयाची दोन पानांत बोळवण केली असेल तर पुस्तक परत ठेवा.

जुनी पुस्तकं घ्यावीत का? फोर्टच्या किंवा माटुंग्याच्या फुटपाथवर एसक्यूएल किंवा डेटाबेस डिझाइनचं चांगलं पुस्तक दिसलं तर खुशाल घ्या. डेटा टेबलांत मांडायची कल्पना देणारे कॉड यांचा रिलेशनल मॉडेलवरचा लेख १९७० चा आहे, त्यातला पाया अजून तसाच आहे. ॲडमिनिस्ट्रेशनचं पुस्तक मात्र जुनं नको. मुखपृष्ठावर जाऊ नका, आत बघा. लॉगच्या (डेटात झालेल्या बदलांच्या नोंदींच्या) फोल्डरचं नाव 'पीजी_एक्सलॉग' छापलं असेल तर मजकूर २०१७ मध्ये आलेल्या आवृत्ती १० च्या आधीचा. तेव्हापासून ते 'पीजी_वॉल' झालं. बॅकअपच्या प्रकरणात 'रिकव्हरी डॉट कॉन्फ' नावाची फाइल बनवायला सांगितलं असेल तर आवृत्ती १२ च्या आधीचा. ती फाइल आजच्या सर्व्हरवर ठेवलीत तर सर्व्हर चालूच होत नाही, आणि हे नेमकं रिस्टोअरच्या घाईत कळतं.

मुख्य आवृत्ती दरवर्षी नवी येते, प्रत्येकीला दुरुस्त्या पाच वर्षं मिळतात. तेव्हा पुस्तक एक-दोन आवृत्त्या मागे असलं तरी हरकत नाही.

पोस्टग्रेसचं अधिकृत डॉक्युमेंटेशन फुकट आहे आणि उत्तम आहे. सुरुवातीचं छोटं ट्यूटोरियल वाचा, बाकीचं अडलं की उघडा. ते सगळं छापून बाइंडिंग करून घेणारेही भेटतात. कपाट छान भरतं.

पुस्तक घेण्याआधी अनुक्रमणिका आणि कॉपीराइटच्या पानाचा फोटो आम्हाला व्हॉट्सॲप करा, बघून सांगू, त्याचे पैसे नाहीत. आमच्या ऑफिसातली पुस्तकं चाळायलाही या. घरी न्यायला मात्र देत नाही, गेलेली अजून यायची आहेत.