ब्राउन निकालाआधीची वीस वर्षे : चार्ल्स ह्यूस्टन यांची आखणी

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ खटल्यात सरकारी शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवले. नऊही न्यायमूर्तींचे एकमत होते. या विजयाशी वकील थर्गुड मार्शल यांचे नाव जोडले जाते, ते योग्यच आहे. पण तिथवरचा रस्ता ज्यांनी आखला, ते मार्शल यांचे गुरू चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन हा निकाल पाहायला हयात नव्हते. २२ एप्रिल १९५० रोजी, वयाच्या ५४व्या वर्षी ते वारले.

वाटेतली धोंड होती १८९६चा ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ हा निकाल. लुइझियानातील रेल्वेचे वेगळे डबे सात विरुद्ध एक मतांनी वैध ठरले, आणि सोयी समान असतील तर वेगळेपणा घटनेच्या, कायद्याचे समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या दुरुस्तीत बसतो, असे तत्त्व रूढ झाले. दक्षिणेकडील राज्यांनी त्यातले ‘वेगळे’ तेवढे घेतले. ‘समान’ कागदावरच राहिले.

हार्वर्डमधून कायदा शिकलेले ह्यूस्टन १९२९मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात विधी विद्यालयाचे प्रमुख झाले. तिथले संध्याकाळचे वर्ग बंद करून त्यांनी पूर्णवेळ, मान्यताप्राप्त अभ्यासक्रम उभा केला. वकील हा समाज घडवणारा अभियंता असला पाहिजे, ही त्यांची शिकवण. १९३३च्या तुकडीत मार्शल पहिले आले आणि ऑलिव्हर हिल दुसरे. पुढची वीस वर्षे हा लढा ज्यांनी रेटला, त्यांतले बरेच जण याच वर्गांत घडले.

कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेचे विशेष वकील म्हणून ह्यूस्टन १९३५मध्ये पूर्णवेळ कामाला लागले. हाताशी सुमारे दहा हजार डॉलर होते. एवढ्या पैशात हजारो शाळांवर दावे लावणे शक्य नव्हते, आणि प्लेसीवर थेट घाव घालून हरलो तर तो निकाल आणखी घट्ट होईल, हे त्यांना कळत होते. म्हणून त्यांनी राज्यांना त्यांच्याच शब्दांत पकडले : समान म्हणता, तर मग समान द्या. सुरुवात पदव्युत्तर आणि व्यावसायिक शिक्षणापासून केली, कारण तिथे दक्षिणेत कृष्णवर्णीयांसाठी सरकारी सोय जवळपास नव्हतीच; विषमता सिद्ध करायला मोजमापही लागत नव्हते. त्यातही कायद्याचे शिक्षण आधी निवडले. चांगले विधी विद्यालय कशाने बनते, हे न्यायाधीशाला समजावून सांगावे लागत नाही.

वादी निवडणे हे सर्वात नाजूक काम होते. १९३३मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या औषधनिर्माण शाखेत प्रवेश मागणारा टॉमस होकट हरला, कारण त्याच्याच कॉलेजच्या अध्यक्षांनी गुणपत्रक पाठवायला नकार दिला आणि अर्ज अपुरा ठरला. तेव्हापासून धडा पक्का झाला : गुणवत्ता वादातीत हवी, कागदपत्रे पूर्ण हवीत, आणि नकाराचे कारण वर्ण हेच असल्याचे कागदोपत्री दिसायला हवे. ॲमहर्स्ट कॉलेजचा पदवीधर डोनाल्ड मरे या कसोटीला उतरला. त्याच्यासाठी ह्यूस्टन आणि मार्शल यांनी मेरीलँड विद्यापीठाविरुद्ध राज्याच्या न्यायालयातून परमादेश, म्हणजे प्रवेश देण्याचा हुकूम, मिळवला, आणि जानेवारी १९३६मध्ये अपिलातही तो टिकला. नवे विधी विद्यालय उभारायला वेळ लागतो आणि विद्यार्थ्याचा हक्क आजचा आहे. तेव्हा असलेल्याच विद्यालयात प्रवेश देणे एवढाच उपाय उरला.

पण तो निकाल एका राज्यापुरता होता. देशभर लागू होणारा निकाल १९३८मध्ये, मिसुरीत कायदा शिकू पाहणाऱ्या लॉइड गेन्सच्या खटल्यात आला. मिसुरी राज्य त्याला शेजारच्या राज्यात शिकायला फी देऊ करत होते. सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले : राज्याने आपले कर्तव्य आपल्याच हद्दीत पार पाडले पाहिजे, आणि मागणारा एकटा असला तरी त्याचा हक्क कमी होत नाही. मिसुरीने यावर सेंट लुइसमध्ये घाईघाईने वेगळे विधी विद्यालय काढले. ते समान आहे का, हे तपासण्याआधीच मार्च १९३९मध्ये गेन्स शिकागोत बेपत्ता झाला. त्याचा ठावठिकाणा कधीच लागला नाही आणि वादीच नसल्याने खटला संपला. एकाच माणसावर सारा दावा उभा असला की असे होते.

घाईने काढलेल्या संस्थांचा समाचार १९५०मध्ये, टेक्सासमध्ये कायदा शिकू पाहणाऱ्या हेमन स्वेट यांच्या खटल्यात घेतला गेला. टेक्सास विद्यापीठाच्या विधी विद्यालयात १६ पूर्णवेळ प्राध्यापक, ८५० विद्यार्थी आणि ६५ हजारांहून अधिक पुस्तके. कृष्णवर्णीयांसाठीच्या विद्यालयात ५ प्राध्यापक, २३ विद्यार्थी आणि साडेसोळा हजार पुस्तके. पण न्यायालय आकड्यांवर थांबले नाही. संस्थेची प्रतिष्ठा, माजी विद्यार्थ्यांचे वजन, उद्या ज्यांच्याशी गाठ पडणार त्या वकिलांची ओळख हेही त्याने मोजले. याच गोष्टी वेगळ्या इमारतीत कधीही समान होऊ शकत नाहीत, म्हणून माझ्या मते प्लेसीचा पाया खऱ्या अर्थाने इथे खचला. त्याच दिवशी, ५ जूनला, ओक्लाहोमाच्या मॅक्लॉरिन यांचाही निकाल लागला. विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला होता, पण आधी वर्गाशेजारच्या खोलीत बसवले, ग्रंथालयात वेगळे टेबल दिले आणि जेवणाची वेळही वेगळी ठेवली होती.

मग शाळांची पाळी आली. साउथ कॅरोलायनाच्या क्लॅरेंडन काउंटीत पहिला दावा स्कूलबससाठी होता. लीव्हाय पिअर्सन यांचा कर दुसऱ्या शालेय क्षेत्रात भरला जात होता, एवढ्यावरून १९४८मध्ये तो निकाली निघाला. पुढच्या वेळी एका नावावर विसंबून न राहता अनेक पालकांना वादी केले गेले. हा खटला आणि कॅन्सस (म्हणजेच ‘ब्राउन’), व्हर्जिनिया, डेलावेअर व वॉशिंग्टनचे खटले यांचा निकाल १९५४मध्ये लागला.

आखणीत कच्चा दुवा राहिला तो अंमलबजावणीचा. ३१ मे १९५५च्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने तारीख घालून दिली नाही. शक्य तितक्या, पण विचारपूर्वक वेगाने, एवढेच म्हटले. विरोधकांना ही पळवाट पुरली. पाच खटल्यांपैकी व्हर्जिनियाचा खटला ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांनी लढवला होता. तिथल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने १९५९मध्ये साऱ्या सरकारी शाळांनाच टाळे ठोकले. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली, कृष्णवर्णीय मुले घरी बसली, आणि १९६४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दखल घेतल्यावरच तिथल्या सरकारी शाळा उघडल्या.