लिंडनकाष्ठशिल्प, दक्षिण जर्मनी

दक्षिण जर्मनीत, मुख्यतः फ्रँकोनिया व स्वाबिया या प्रदेशांत, सुमारे १४७५ ते १५२५ या काळात भरास आलेली चर्चमधील मूर्तिकला. उत्तर जर्मनी व नेदरलँड्समधील कारागीर ओक वापरीत. दक्षिणेत लिंडन वृक्षाचे लाकूड प्रिय होते. ते मऊ व एकसारख्या पोताचे असल्याने कोणत्याही दिशेने स्वच्छ कापले जाते आणि वस्त्राच्या चुण्यांखालून खोलवर कोरता येते. मात्र ते टिकाऊ नाही. कीड त्याला लवकर लागते.

खरी अडचण सुकण्याची. लाकूड वर्तुळवलयांच्या (खोडातील वाढीच्या वलयांच्या) दिशेने जितके आक्रसते, ते त्रिज्येच्या दिशेच्या सुमारे दीडपट असते; म्हणून अखंड ओंडका सालीकडून गाभ्याकडे फाटतो. यावर उपाय असा : ओंडका उभा चिरून अर्धा घ्यावयाचा, मूर्तीचा दर्शनी भाग सालीच्या बाजूस ठेवावयाचा आणि पाठीमागून गाभा वाकसाने पोखरून काढावयाचा. उरलेले कवच जाडीला जेवढे सारखे, तेवढे ते तडकण्याचा धोका कमी. शिरोभाग बहुधा पोखरला जात नसे, त्यामुळे तडे तेथे अधिक आढळतात. कोरताना ठोकळा आडवा ठेवून दोन टोकांना अडकवीत व हवा तसा फिरवीत. अनेक मूर्तींच्या डोक्यावर दिसणारे, खुंटीने बुजविलेले भोक या पकडीचे आहे. पुढे आलेले हात स्वतंत्र कोरून सरसाने व खुंट्यांनी जोडीत.

रंगकाम सामान्यतः चित्रकाराचे. सरसाचा हात, सांध्यांवर कापडाच्या पट्ट्या, खडूचा लेप, त्यावर रंग व सोन्याचा वर्ख असा क्रम असे. लेप जाड झाला की पटाशीचे बारीक काम बुजते.

न रंगविलेल्या मूर्तींचा उगम वादग्रस्त आहे. टिलमान रीमेनश्नायडर (सु. १४६०–१५३१) या मूर्तिकाराने म्यूनरश्टाट येथील वेदीपट (चर्चच्या वेदीमागे उभारलेली, खोक्यात मूर्ती बसविलेली मांडणी; १४९०–९२) रंगाविना दिला, फाइट श्टोस या दुसऱ्या मूर्तिकाराने तो १५०४–०५ च्या सुमारास रंगविला. प्रॉटेस्टंट धर्मसुधारकांच्या प्रतिमाविरोधामुळे रंग टाळला गेला, हे मत कालक्रमाशी जुळत नाही, कारण ती चळवळ १५१७ नंतरची. खर्च वाचविण्याचे कारण काही ठिकाणी संभवते. परंतु अशा मूर्तींवर तपकिरी छटेचे पातळ झिलईकाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या व ओठांवर किंचित रंग आढळला असल्याने त्या अपूर्ण राहिल्या असे सरसकट म्हणता येत नाही. कोरीव पृष्ठभागावरील छायाप्रकाशच दिसावा, हा हेतू अधिक पटणारा आहे. रीमेनश्नायडरच्याच रोटेनबुर्ग येथील पवित्र रक्ताच्या वेदीपटात (१५०१–०५) खोक्याच्या पाठीमागील खिडक्यांतून प्रकाश येतो, हे या मताला पूरक ठरते. त्याचे लाकडी खोके एर्हार्ट हार्श्नर या सुताराने केले. रीमेनश्नायडरचा क्रेग्लिंगेन येथील मारिया वेदीपट बहुधा १५०५–१० या दरम्यानचा.

श्टोस (सु. १४४७–१५३३) याचा पोलंडमधील क्राकूव्हचा वेदीपट (१४७७–८९) रंगीत व सोनेरी असून सुमारे १३ मी. उंच आहे. न्यूरेंबर्गच्या संत लोरेंझ चर्चमध्ये छतापासून टांगलेले त्याचे ‘देवदूताचे अभिवादन’ (१५१७–१८) हे शिल्प १८१७ मध्ये कोसळून फुटले व पुढे जोडले गेले. ब्राइझाख येथील ‘एच. एल.’ या आद्याक्षरांच्या कारागिराचा वेदीपट (१५२३–२६) हा या परंपरेतील सर्वांत उसळत्या चुण्यांचा नमुना होय. १५२५ च्या शेतकरी उठावानंतर रीमेनश्नायडर तुरुंगात होता; तेथे त्याचे हात मोडले, या कथेला समकालीन आधार नाही.

एकोणिसाव्या शतकात अनेक मूर्तींचे रंग क्षारद्रावणाने खरवडून काढले गेले. त्यामुळे लाकडाचा पृष्ठभाग तंतुमय होऊन पटाशीच्या खुणा पुसट झाल्या. एखादी मूर्ती मुळातच रंगाविना होती की नंतर उघडी केली, हे आता चुण्यांच्या खोल खाचांत उरलेल्या खडूच्या कणांवरून ठरवावे लागते.