नाताळच्या जेवणाला स्लो कुकर नेताना
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

डिसेंबर उजाडला की आमच्या दुकानात रोज एकच प्रश्न येतो. ऑफिसात नाताळचं जेवण आहे, प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा ठरलंय, माझ्या वाट्याला मुख्य पदार्थ आला आहे, तर स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, काय करू? पणजीचं पाटो असो की वेर्ण्याची औद्योगिक वसाहत, प्रश्न तोच. कुकर विकत घेणाऱ्यांना आणि सणापुरता भाड्यानं नेणाऱ्यांना आम्ही हे पत्रक सोबत देतो. निघण्यापूर्वी एकदा वाचा.

आमचं उत्तर सरळ आहे. आपल्या घरांत जे पदार्थ दुसऱ्या दिवशी जास्त चवदार लागतात, तेच यात करा. डुकराच्या मांसाचं सोरपोतेल, भाजलेल्या मसाल्याची शागोती, कडधान्याचं तोंडाक, मिश्र भाज्यांचं खतखतं. मुरल्यावर खुलणारी चव आणि मंद आच यांचं छान जमतं. हुमण, म्हणजे माशाची आमटी, मात्र करू नका. बांगडा किंवा इसवण तासन्‌तास शिजत राहिली तर तुकडे विरघळतात आणि काटे रसात उतरतात. सुंगटं (कोळंबी) घालायचीच असतील तर वाढण्यापूर्वी शेवटच्या अर्ध्या तासात घाला.

स्लो कुकरच्या आतलं तापमान शंभर अंशांच्या जरा खालीच राहतं. प्रेशर कुकरात ते १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून तिथे शिट्ट्यांवर काम होतं आणि इथे तासांवर. मंद खटक्यावर सात-आठ तास, जलद खटक्यावर तीन-चार तास, असा साधारण हिशोब धरा. डुकराच्या खांद्याचं किंवा बकऱ्याच्या मांडीचं चिवट मांस या आचेवर हळूहळू मऊ होतं आणि रसाला आपोआप दाटपणा येतो. वीजही फार लागत नाही. दोनशे वॉटचा कुकर आठ तास चालला तर १.६ युनिट होतात.

पण स्लो कुकर परतत नाही, भाजत नाही. हे लक्षात न घेतल्यामुळेच लोकांचा हिरमोड होतो. कच्चा कांदा, कच्चा लसूण आणि न भाजलेलं वाटण आत टाकून झाकण लावलं तर आठ तासांनंतरही त्याचा उग्र वास जात नाही. शागोतीचं खोबरं, खसखस, धणे, बडीशेप, जायफळ नेहमीसारखं तव्यावर खमंग भाजा, कांदा लाल करा, वाटण तेल सुटेपर्यंत परता. मग ते भांड्यात घाला. पाणी नेहमीच्या निम्मंच ठेवा, कारण झाकणाखालून वाफ फारशी बाहेर जात नाही. दोन किलो कोंबडीच्या शागोतीला एक कप पाणी पुष्कळ झालं. तुकडे हाडासकट, तंगडीचे घ्या. छातीचं मांस कोरडं पडतं. बटाटा घालणार असाल तर तो तळाला ठेवा, तो मांसापेक्षा उशिरा शिजतो. मंद आचेवर पाच तास बस होतात.

सोरपोतेलासाठी डुकराचं मांस आणि काळीज आधी उकडून, बारीक चिरून, त्याच्याच चरबीत तांबूस होईपर्यंत परतून घ्या. मिरची, जिरं, मिरी, दालचिनी, लवंग, आलं, लसूण हे माडाच्या सुरेच्या व्हिनेगरमध्ये वाटायचं. पाच लिटरच्या कुकरला दीड किलो मांस, पाव किलो काळीज आणि अर्धा कप व्हिनेगर पुरतं. चाखून हवं तर नंतर वाढवा, कारण इथे ते उडून जात नाही.

हे उपकरण मुळात कडधान्यासाठीच निघालं. अमेरिकेत १९७१ साली ‘क्रॉक-पॉट’ या नावानं ते घरोघरी पोचलं, त्याआधीचं त्याचं रूप बीन्स शिजवण्याचं भांडं होतं. म्हणून अळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोंडाक यात इतकं छान होतं की आम्ही मांसाहारी मंडळींनाही ते सुचवतो. अर्धा किलो अळसांदे रात्रभर भिजवा, दहा मिनिटं उकळा, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण आणि मूठभर काजू घाला. सोलं (आमसुलं) मात्र अगदी शेवटी. आंबटपणामुळे कडधान्य लवकर मऊ होत नाही, आणि गुळाचंही तसंच आहे. खतखत्यातही हीच काळजी घ्या. सुरण, राताळी, कच्ची केळी, मुळा, शेवग्याच्या शेंगा तूरडाळीत आधी नीट शिजू द्या. सोलं, गूळ आणि ठेचलेली तेफळं (तिरफळं) शेवटच्या अर्ध्या तासात.

राजमा वेगळा. चोरीस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) घालून फेजुआद, म्हणजे राजम्याचा रस्सा, करणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. राजम्यात एक विषारी प्रथिन असतं आणि ते मंद आचेवर नष्ट होत नाही. ऐंशी अंशांच्या आसपास अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. उलट्या आणि जुलाब काही तासांतच सुरू होतात. राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून द्या, नव्या पाण्यात गॅसवर खळखळून निदान दहा मिनिटं उकळा आणि मगच कुकरमध्ये घाला. याला दुसरा पर्याय नाही.

आता वेळेचं गणित. अनेकजण रात्री कुकर लावून झोपतात आणि पहाटे पदार्थ तयार होतो. मग दुपारी एकपर्यंत तो ‘वॉर्म’वर राहतो. हे आम्हाला पसंत नाही. ‘वॉर्म’ची सोय गरम अन्न साठ अंशांच्या वर राखण्यासाठी आहे आणि तेही दोन ते चार तासच. त्यापेक्षा आदल्या दिवशीच शिजवा. जेवण २० डिसेंबरला असेल तर १९ तारखेची गोवा मुक्तिदिनाची सुट्टी मिळतेच. शिजलेलं अन्न पसरट स्टीलच्या भांड्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी गॅसवर खळखळून उकळी आणा आणि कोमट पाण्यानं तापवलेल्या कुकरच्या भांड्यात ओता. गार अन्न कुकरमध्येच तापवत बसू नका, त्याला फार वेळ लागतो आणि तेवढ्यात ते बिघडू शकतं. कुकरचं आतलं चिनी मातीचं भांडं फ्रिजमधून काढून थेट गरम बैठकीवर ठेवलं तर तडकतं, हेही एक कारण. गोठलेलं मांसही थेट टाकू नका.

घरी शिजत असताना वीज गेली आणि तुम्ही जागे असाल तर सगळं गॅसवर घेऊन पुरं करा. झोपेत किंवा बाहेर असताना गेली, किती वेळ गेली ते ठाऊक नाही, तर दिसायला कितीही चांगलं असलं तरी ते फेकून द्या. दीड किलो मांस टाकताना जीव हळहळतो, ते आम्ही जाणतो. तरीही.

नेताना भांडं पाऊण भरलेलंच ठेवा. झाकण कानांना दोरीनं किंवा जाड रबरानं बांधा, खाली टॉवेल घाला आणि गाडीच्या पायाशी, सपाट जागी ठेवा. स्कूटरवरून नेऊ नका. ऑफिसात पोचल्यावर लगेच भिंतीतल्या बोर्डाला लावा. किटली किंवा मायक्रोवेव्हच्या एक्स्टेंशनवर कुकर लावू नका. आणि येणाऱ्याजाणाऱ्याला झाकण उचलू देऊ नका. शिजत असताना एकदा झाकण उघडलं की वीस मिनिटांची ऊब जाते. पाच लिटरच्या पाऊण भरलेल्या भांड्यात पंधरा-सतराजणांना वाटीभर येतं. सोबत पोदेराकडचे (पाववाल्याकडचे) पाव किंवा उंडे सांगून ठेवा, सान्नां (तांदळाच्या वाफवलेल्या इडलीसारख्या) मिळाली तर सोरपोतेलाला त्याहून चांगलं काही नाही.

तारीख ठरवण्याआधी एकदा पंचांग बघा, ही आमची कळकळीची विनंती. डिसेंबरात बहुतेकदा मार्गशीर्ष असतो, गुरुवारचं व्रत अनेक घरांत असतं आणि सोमवारी मांस न खाणारेही पुष्कळ. शुक्रवार बहुतेकांना सोयीचा पडतो. डुकराचं मांस ज्या भांड्यात आहे त्यावर ठळक चिठ्ठी लावा, त्याचा डाव दुसऱ्या भांड्यात जाऊ देऊ नका. दोन कुकर येत असतील तर एक शाकाहारी ठेवा. कोणालाही नुसता पाव खाऊन उठावं लागू नये.

भाड्याचा कुकर परत करताना भांडं पूर्ण गार होऊ द्या, मग कोमट पाण्यात भिजवून मऊ स्पंजनं धुवा. तारेची घासणी वापरू नका. बाहेरची बैठक पाण्यात बुडवू नका, ओल्या फडक्यानं पुसली तरी पुरे. सोरपोतेलाचा वास राहिला असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून रात्रभर भांड्यात ठेवा. नाताळच्या आठवड्यात कुकर लवकर संपतात, म्हणून तारीख ठरली की आम्हाला आधी कळवा.