गर्भपात (ख्रिस्ती नीतिविचार)

गर्भधारणा हेतुतः खंडित करण्याविषयीचा ख्रिस्ती धर्मविचार. गर्भ पाडणे हे पाप होय, यावर प्राचीन चर्चमध्ये फारसे दुमत नव्हते. बहुधा पहिल्या शतकाच्या अखेरच्या किंवा दुसऱ्याच्या आरंभीच्या ‘दिदाखे’ या ख्रिस्ती शिकवणीच्या ग्रंथात त्याला स्पष्ट मनाई आहे. वाद झाला तो पापाच्या प्रतवारीवर, आणि तो बऱ्याच अंशी बायबलच्या जुन्या करारातील निर्गम २१:२२–२५ या उताऱ्याच्या भाषांतरातून वाढला.

मारामारीत गरोदर स्त्रीला धक्का लागल्यास काय करावे, असा हा नियम आहे. मूळ हिब्रूत ‘तिची मुले बाहेर आली’ एवढेच शब्द असून, पुढे इजा नसल्यास दंड व असल्यास जिवाबद्दल जीव, असे सांगितले आहे. इजा कोणाची, हे मात्र उघड नाही. प्राचीन बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या संहितेतील २०९ व २१० ही कलमे (गर्भ पडल्यास दंड, स्त्री मेल्यास जिवाची शिक्षा) पाहता ही इजा आईची असावी, हा अर्थ अधिक संभवनीय वाटतो. इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या सुमाराच्या ग्रीक भाषांतराने ‘इजे’च्या जागी गर्भ आकारास आला होता की नाही, हा निकष आणला. त्याला ॲरिस्टॉटलची मुलाच्या गर्भाला ४० व मुलीच्या गर्भाला ९० दिवसांची गणना जुळली आणि ‘आकारित’ व ‘अनाकारित’ हा भेद धर्मपंडित ऑगस्टीनपासून टॉमस अक्वायनसपर्यंत टिकला. बिशप बेसिलने चौथ्या शतकातच तो नाकारला होता. पोप पाचव्या सिक्स्टसने १५८८ मध्ये भेद न मानता कठोर शिक्षा ठरवल्या. पोप चौदाव्या ग्रेगरीने त्या १५९१ मध्ये सौम्य केल्या. पोप नवव्या पायसने १८६९ मध्ये बहिष्काराच्या शिक्षेपुरता हा भेद काढून टाकला. आत्मा गर्भात केव्हा येतो, हा प्रश्न रोमच्या कॅथलिक धर्मपीठाने १९७४ च्या घोषणापत्रातही तात्त्विकदृष्ट्या खुलाच ठेवला, मनाई मात्र कायम राखली. प्रोटेस्टंट चर्चपैकी कित्येक आईच्या जिवाला धोका असल्यास अपवाद मानतात.

विदर्भात हा विषय कॅथलिकांच्या नागपूर, अमरावती (१९५५) व चांदा धर्मप्रांतांत, तसेच १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चसह इतर प्रोटेस्टंट मंडळ्यांत शिकवला जातो. दहा आज्ञांपैकी ‘खून करू नको’ ही आज्ञा कॅथलिक पाचवी म्हणून मोजतात, बहुतेक प्रोटेस्टंट सहावी. त्यामुळे एकाच गावात फादर व पाळक यांचे आकडे जुळत नाहीत, आशय जुळतो. खरी अडचण शब्दाची आहे. प्रचलित मराठी बायबलमध्ये निर्गमच्या या जागी ‘गर्भपात’ येतो, आणि हा शब्द आपोआप घडलेल्या व मुद्दाम केलेल्या अशा दोन्ही गोष्टींना चालतो. गावच्या बोलण्यात ‘पोट पडलं’ आणि ‘पोट पाडलं’ ही वेगळी वाक्ये आहेत, व उताऱ्यातील प्रसंग पहिल्या प्रकारचा आहे. ‘पिशवी धुतली’ हे तिसरे वाक्य तर पडलेल्या गर्भानंतरच्या उपचारालाही लागू पडते, त्यामुळे त्यावरून दोष ठरवता येत नाही.

भारतात वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा असून, २०२१ च्या दुरुस्तीने विशिष्ट गटांतील स्त्रियांसाठी मर्यादा २४ आठवडे झाली. कायद्याची मुभा म्हणजे नैतिक संमती नव्हे, असे कॅथलिक शिकवण मानते. तथापि या पापाची क्षमा देण्याचा अधिकार २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सर्व धर्मगुरूंना कायमचा दिला, त्यामुळे त्यासाठी बिशपांकडे जावे लागत नाही. प्रायश्चित्त संस्कार गावच्या चर्चमध्येच घेता येतो.